स्ट्रॅटोकास्टर आणि वऱ्हाडचा उन्हाळा

वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांत शिसवी लाकडाचा थाट असे. पलंग, कपाट, झोपाळ्याची पाटी शिसवाची असली, की घरची परिस्थिती पाहुण्याला वेगळी सांगावी लागत नसे. डाल्बर्जिया लॅटिफोलिया असे शास्त्रीय नाव असलेले हेच शिसव साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक गिटारींवर जाऊन बसले. नेकवर जिथे वाजवणाऱ्याची बोटे फिरतात, ती पट्टी त्याची होऊ लागली. कॅलिफोर्नियातली फेंडर कंपनी आधी ब्राझीलचे शिसव वापरायची. ते मिळणे अवघड होऊ लागले, तसा तिने १९६६च्या सुमारास भारतीय लाकडाकडे मोर्चा वळवला. अकूस्टिक गिटारींसाठी नावाजलेल्या मार्टिन कंपनीनेही दशक संपता संपता तोच रस्ता धरला. वाशीम, कारंजा किंवा रिसोडचा कुणी आज परदेशी नावाची गिटार विकत घेतो, तेव्हा तिच्या पट्टीचे लाकूड सातासमुद्रापार जाऊन माघारी आलेले असू शकते.

लाकूड इथून गेले, पण गिटारी इथे फारशा आल्या नाहीत. महाराष्ट्राला इलेक्ट्रिक गिटारचा नाद लागला तो कानांनी: रेडिओवरच्या हिंदी गाण्यांतून, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रातून, वरातीतल्या बेंजोतून. हाताला जे वाद्य लागले ते बहुधा देशी बनावटीचे, रोजच्या वापरातले आणि अनेकदा दुरुस्त झालेले. त्यामुळे जुन्या गिटारींच्या बाजारात उतरणाऱ्या मराठी माणसाला आधी एक हिशेब करावा लागतो. पैसे वाजवण्यासाठी मोजायचे की जपून ठेवण्यासाठी? या दोन खरेदींचे भाव वेगळे, पारख वेगळी, आणि गिटार घरी आल्यावर तिच्याशी वागायची रीतही वेगळी.

सोन्याची पंधरा वर्षे

'क्लासिक' म्हणून ज्यांचे नाव निघते, त्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी १९५० ते १९६५ या काळातल्या आहेत. लिओ फेंडर हा फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पोकळ गिटारीचा आवाज अँप्लिफायरने वाढवला की ती किंचाळू लागते, हे दुखणे त्याला माहीत होते. त्याने भरीव लाकडाची सपाट फळी घेतली, तिला चार स्क्रूंनी नेक जोडला आणि १९५०मध्ये ब्रॉडकास्टर बाजारात आणली. ग्रेच कंपनीच्या ड्रमचे नाव जवळजवळ तेच होते. तिकडून हरकत येताच फेंडरच्या कारखान्यात तयार लेबलांवरचे मॉडेलचे नाव कापून टाकले गेले आणि काही महिने बिननावाच्या गिटारी विकल्या गेल्या. १९५१मध्ये नवे नाव ठरले, टेलिकास्टर. कापलेल्या लेबलांच्या त्या मोजक्या गिटारींना संग्राहक 'नोकास्टर' म्हणतात आणि त्यांच्यासाठी हात सैल सोडतात.

१९५२मध्ये गिब्सन कंपनीची लेस पॉल आली आणि १९५४मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर. कंप देणाऱ्या दांडीसह स्ट्रॅटोकास्टरची छापील किंमत होती २४९ डॉलर ५० सेंट. डॉलर तेव्हा ४ रुपये ७६ पैशांना होता, म्हणजे सुमारे १,१९० रुपये. जून १९६६मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा त्याच डॉलरांचे १,८७० रुपये झाले. त्यावर आयात परवाना आणि जकात वेगळी.

गिब्सनने १९५८ ते १९६० या काळात लेस पॉलवर पिवळ्यापासून लालपर्यंत उतरत जाणारा 'सनबर्स्ट' रंग चढवला. या गिटारी साधारण दीड हजारच निघाल्या. खप बेताचा, म्हणून कंपनीने त्या बंद केल्या आणि १९६१मध्ये दोन शिंगांचा नवा आकार आणला. पुढे १९६६मध्ये जॉन मेयॉलच्या 'ब्लूज ब्रेकर्स' या अल्बमवर एरिक क्लॅप्टनने जुन्या लेस पॉलमधून जो जाड, लांबणारा आवाज काढला, तो ऐकून लोक वापरलेल्या सनबर्स्ट शोधू लागले. त्या रंगातली लाल छटा उन्हाने उडायची. दुकानाच्या काचेमागे टांगलेली एखादी पार लिंबासारखी पिवळी झाली, पेटीत राहिलेली तशीच लालबुंद राहिली. रंगातला हा दोषच पुढे ओळखीची खूण बनला. एक सनबर्स्ट दुसरीसारखी दिसत नाही, म्हणून प्रत्येकीचा फोटो आणि वंशावळ ठेवणारे लोक आहेत.

जानेवारी १९६५मध्ये सीबीएस कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना फेंडर विकत घेतली. उत्पादन वाढले आणि पुढच्या काही वर्षांत हातकाम घसरले, असे वाजवणाऱ्यांचे मत पडले. 'प्री-सीबीएस' हा शब्द तेव्हापासून बाजारात भाव वाढवतो.

केसाहून बारीक तार

या सगळ्या किमतीचा गाभा आहे पिकअप नावाची छोटी वस्तू. स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप उघडला तर आत सहा लोहचुंबकांच्या कांड्या दिसतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. ही वीज केबलमधून अँप्लिफायरकडे जाते.

पन्नाशीच्या दशकात तार गुंडाळणारे यंत्र फिरायचे, पण तारेला दिशा द्यायचा कामगाराचा हात. त्यामुळे कुठे वेढे जास्त, कुठे कमी, कुठे घट्ट, कुठे सैल. एकाच महिन्यातल्या दोन गिटारी वेगळ्या बोलतात त्या यामुळेही.

एकेरी वेढ्याच्या पिकअपचा एक दुर्गुण आहे. आसपासच्या विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइट यांचा घुमणारा आवाज तो पकडतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन उलट वेढे शेजारी बसवून तो घुमारा छाटला. १९५७पासून बसवलेल्या या 'हंबकर'च्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची बारीक पट्टी असायची. आज त्या पट्टीसकटचा जोड मिळाला, तर त्याच्या किमतीत नवी उत्तम गिटार येते. म्हणून खोट्या पट्ट्याही छापल्या जातात.

मुंबईचा कान

इलेक्ट्रिक गिटार जन्माला आली तीच मुळी मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवायची हवाईयन गिटार म्हणून. जॉर्ज बोशाँ आणि रिकनबॅकर यांची ॲल्युमिनियमची 'फ्राइंग पॅन' १९३२च्या सुमारास विक्रीला आली आणि तिचे पेटंट १९३७मध्ये मिळाले. भारतातही पहिली चाहूल याच वाद्याची लागली. कांडी सरकवली की मींड निघते, सूर तुटत नाही, आणि वीज जोडली की तो लांबतो. गळ्याच्या अंगाने गाणे वाजवायला हे वाद्य इथल्या कानाला लगेच मानवले.

लखनौचे व्हॅन शिप्ले (१९२७–२००८) यांनी उस्तादांकडे रागसंगीताची तालीम घेतली, मुंबई गाठली आणि स्वतःच्या कल्पनेने आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार करून घेतली. पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांच्या पियानो ॲकॉर्डियनसोबतच्या त्यांच्या चित्रपटधुनांच्या तबकड्या गाजल्या. एस. हजारा सिंग आणि कोलकात्याचे सुनील गांगुली यांच्या तबकड्यांनीही हवाईयन गिटारवरच्या फिल्मी धुना घरोघर नेल्या.

उभी धरून वाजवायची 'स्पॅनिश' इलेक्ट्रिक गिटार पुढे आली ती प्रामुख्याने राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातून. गझलगायक म्हणून लोकांना ठाऊक असलेले भूपिंदर सिंग (१९४०–२०२२) हे मुळात गिटारवादक. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधल्या 'दम मारो दम'ची गिटार त्यांची. वाशीमच्या रसवंतीत किंवा एसटी स्टँडवरच्या हॉटेलात हे गाणे ऐकणाऱ्याला ते वाद्य कोणत्या कंपनीचे याच्याशी देणेघेणे नव्हते. तो बाज मात्र त्याच्या कानात पक्का बसला.

वाजवणाऱ्यांची अडचण वेगळी होती. परवान्यांच्या काळात परदेशी वाद्य म्हणजे चैनीची वस्तू. ते आले तर जहाजावर नोकरी करणाऱ्या गोवेकराच्या सामानातून, परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाबरोबर, नाहीतर देश सोडून जाणाऱ्या एखाद्या साहेबाकडून. बाकीच्यांसाठी गिव्हसन, हॉबनर अशा देशी गिटारी होत्या. गिब्सन आणि हॉफनर या परदेशी नावांशी असलेले त्यांचे साम्य योगायोगाचे नव्हते. अँप्लिफायर लॅमिंग्टन रोडवरचे सुटे भाग आणून घरीच जोडले जात. अशाच सामानावर इंपिरियल टोबॅको कंपनीच्या 'सिमला बीट' स्पर्धेत देशभरातले बँड उतरत. १९७० आणि १९७१च्या स्पर्धांच्या लाँगप्ले तबकड्या निघाल्या, आणि आज त्या तबकड्याच संग्राहकांच्या शोधाचा विषय आहेत.

१९७२मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. त्यांनी इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये एका रात्री वाजवले. पेजकडे तोवर १९५९ची सनबर्स्ट लेस पॉल होती. कुलाब्यात मात्र त्याने समोर दिसली ती गिटार घेतली आणि वाजवली. पुढे १९८४मध्ये 'रॉक मशीन' हा मुंबईचा बँड उभा राहिला, १९८६मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झाले, आणि जोशी-कुलकर्ण्यांची मुलेही डिस्टॉर्शनचे पेडल खरेदी करू लागली.

वाशीमच्या मिरवणुकीतला पिकअप

वऱ्हाडात विजेवर चालणारे तारवाद्य म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गिटार येतच नाही, बेंजो येतो. १४ एप्रिलची भीमजयंती असो, गणेशविसर्जन असो की नवरदेवाची वरात, ट्रॉलीवर पुढे बेंजो आणि मागे कॅसिओ हे चित्र जुनेच. मिरवणुकीतला हा बेंजो अमेरिकन बँजो नव्हे. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता याने १९१२मध्ये 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले. टंकयंत्रासारखी बटणे दाबली की खालच्या तारा ठरावीक जागी दाबल्या जातात. उत्तरेत तेच बुलबुलतरंग झाले. महाराष्ट्रात त्याला पिकअप लागला, अहुजाचा अँप्लिफायर लागला, कर्णे लागले. रवी जाधव यांचा 'बॅन्जो' (२०१६) हा हिंदी चित्रपट याच कलावंतांवर बेतलेला आहे.

बेंजोवाला पिकअपची उंची स्क्रू पिळून कमी-जास्त करतो, घुमारा आला तर अर्थिंग तपासतो, तार तुटली तर चालत्या ट्रॉलीवर बदलतो. जुन्या स्ट्रॅटोकास्टरची देखभाल करणाऱ्याला याहून फार वेगळे काही येत नसते. जिल्ह्यात गिटार दुरुस्त करणारा सापडला नाही, तर विजेच्या जोडण्यांपुरता बेंजो दुरुस्त करणारा कारागीर कामाला येऊ शकतो. अट एकच: अस्सल जुन्या गिटारीच्या आत त्याने डागणी तापवू नये.

कारण तिथेच किंमत दडलेली असते.

पारख

जुनी म्हणून दाखवली जाणारी गिटार समोर आली की जाणकार आधी ती वाजवत नाही, उघडतो. फेंडरचा नेक चार स्क्रूंवर असतो. तो काढला की बुंध्याशी पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख अनेकदा सापडते. मग आवाजाची बटणे. त्यांच्याखालच्या पॉटवर आकडे कोरलेले असतात. समजा १३७६४३२ असे आहे: १३७ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, ६४ म्हणजे १९६४ साल, ३२ म्हणजे वर्षाचा बत्तिसावा आठवडा. गिटार त्याआधीची नाही, एवढे यावरून नक्की होते. नंतरची मात्र असू शकते. फेंडरने १९६६मध्ये पॉट इतके घेऊन ठेवले, की ते पुढची दोन-तीन वर्षे पुरले. जोडावरची डागणी जुनी, मळकट आणि एकसारखी असली पाहिजे. एका जोडावर चकचकीत कथील दिसले, की तिथे कधीतरी कुणाचा हात लागला आहे.

गिब्सनमध्ये नजर जाते ती मानेच्या वरच्या टोकाला. महॉगनीच्या एका तुकड्यातला नेक, मागे कललेले डोके आणि नेमक्या त्याच जागी आतल्या सळईसाठी खोदलेला खळगा. गिटार उभी ठेवली आणि पालथी पडली, की तिथेच मोडते. चांगल्या सरसाने जोडलेली मान वाजायला पहिल्यासारखीच असते, पण बाजारात अशा गिटारीची किंमत साधारण निम्म्यावर येते. मूळ रंग खरवडून नवा दिला असेल, तरी ठोकताळा तोच.

वाजवण्यासाठी घेणाऱ्याची संधी इथे आहे. मोडून जोडलेली लेस पॉल किंवा पुन्हा रंगवलेली टेलिकास्टर संग्राहकाला नको असते. आवाजात तिचे फारसे काही गेलेले नसते. घेताना फ्रेट किती झिजलेत, नेक पिळला आहे का, खुंट्या सूर धरतात का, एवढे पाहावे. जपान हा दुसरा चांगला पर्याय आहे. ग्रेको, टोकाई यांनी सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत केलेल्या नकला इतक्या सरस होत्या, की १९८२मध्ये फेंडरने स्वतःच जपानमध्ये उत्पादन सुरू केले. त्या गिटारीही आता चाळिशी ओलांडून जुन्या झाल्या आहेत.

कधी कधी सगळे नियम उलटतात. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनीज या दुकानातून एक काळी स्ट्रॅटोकास्टर घेतली. तिचा नेक बदलला, पिकअप बदलले, लाकूड खोदून नवे भाग बसवले, काही पुन्हा काढले. शुद्धतेच्या कसोटीवर ती नापास व्हायची. २०१९मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. ती रक्कम त्या गिटारीवर वाजलेल्या अल्बमांची होती.

कूलर, कपॅसिटर आणि कागदपत्रे

वाशीममध्ये मे महिन्यात पारा ४२–४३ अंशांना भिडतो आणि दुपारची हवा करकरीत कोरडी होते. गिटारीला मानवते ती ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. हवा कोरडी झाली की पट्टीचे लाकूड आडवे आकसते, धातूचे फ्रेट मात्र तेवढेच राहतात. त्यांची टोके नेकच्या कडेला बाहेर येऊन बोटांना टोचतात. जुलैत पाऊस लागला की लाकूड फुगते, नेकचा बाक बदलतो, तारा उंच होतात. कूलरच्या खोलीत गिटार टांगणे म्हणजे रोज दुपारी तिला पावसाळा दाखवणे. तारा गंजतात, खुंट्यांवर हिरवट थर चढतो. ती पेटीत ठेवावी, पेटीत आर्द्रतामापक ठेवावा आणि पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये.

विजेचे पथ्य त्याहून महत्त्वाचे. जुना अमेरिकन अँप्लिफायर ११७ ते १२० व्होल्टचा असतो. इथल्या २३० व्होल्टला तो थेट जोडला तर जळतो, मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचे बटण बंद केले, तरी आतल्या कपॅसिटरमध्ये ३००–४०० व्होल्ट उरलेले असू शकतात. त्यात हात घालणे हे हौशी माणसाचे काम नव्हे. गिटारीच्या तारा घोडीमार्फत अँप्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. मंडपात अर्थिंग नसेल आणि माइक दुसऱ्या लाइनवर असेल, तर हात तारांवर आणि ओठ माइकला लागताच झटका बसतो. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत गाणारे म्हणूनच माइकवर स्पंजची टोपी घालतात.

परदेशातून जुनी गिटार मागवायची तर लाकडाचाही कायदा आड येतो. ब्राझीलचे शिसव १९९२पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. १९५९ ते १९६५च्या अनेक स्ट्रॅटोकास्टरची पट्टी त्याच लाकडाची, त्यामुळे परवान्याशिवाय ती सीमा ओलांडू शकत नाही. भारतीय शिसवासह डाल्बर्जिया प्रजातीतली बाकीची झाडे जानेवारी २०१७मध्ये दुसऱ्या परिशिष्टात गेली, तेव्हा जगभरचे गिटार कारखाने हवालदिल झाले. २०१९च्या जिनिव्हा परिषदेने तयार वाद्यांना त्यातून सूट दिली. ब्राझीलच्या लाकडाला ती सूट नाही. विकणाऱ्याने परवान्याचा विषय टाळला, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

हात लावून, वाजवून घ्यायची असेल तर अकोला, अमरावती, नागपूर आहेतच. शिवाय मुंबईचे धोबी तलाव आहे. जेर महालच्या त्या परिसराशी १८६५पासूनच्या फुर्टाडोज या नावाचे जुने नाते आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून कारंजा किंवा शेलूबाजारहून गाडीने तिथे जाणे सोपे झाले आहे. दुकानात गिटार आधी केबल न जोडता वाजवावी. भरीव लाकूडही हलकेच बोलते, आणि मेलेला सूर, खडखडणारा फ्रेट तेव्हाच कळतो. मग अँप्लिफायरचा आवाज मध्यम ठेवून प्रत्येक पिकअप वेगळा ऐकावा. परतताना ती डिकीत टाकू नये. उन्हात उभ्या गाडीत तापमान ६० अंशांपुढे जाऊ शकते आणि त्या उष्णतेत जुना सरस मऊ पडतो. घरी आल्यावर पेटी काही तास बंदच ठेवावी, दुसऱ्या दिवशी सूर लावून नेकचा बाक तपासावा, आणि मृगाचा पाऊस झाला की पुन्हा एकदा.